मार्केट हार्बरोत नवं घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट हार्बरो हे लेस्टरशरमधलं, तेराव्या शतकापासून बाजार भरणारं गाव. भर पेठेत १६१४ ची जुनी शाळा लाकडी खांबांवर उभी आहे. तिच्याखालची जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती, कारण तिथे लोण्याचा बाजार भरायचा. गावाच्या कडेने मात्र आता विटांच्या नव्या घरांच्या वसाहती झाल्या आहेत. लंडनचं सेंट पँक्रस रेल्वेने साधारण तासाभरावर आणि लेस्टर पाव तासावर असल्याने बरीच मराठी कुटुंबंही इथे घर पाहायला येतात. खालची उत्तरं इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे आहेत (स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे), आणि स्टँप ड्युटीचे दर १ एप्रिल २०२५ पासूनचे आहेत. अशाच दुसऱ्या जुन्या बाजारगावात घर घेत असाल तरी यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल.

पुण्यात आमच्या नावावर फ्लॅट आहे, पण इंग्लंडमधलं हे पहिलंच घर. पहिल्या घराची सवलत मिळेल का?

नाही. मराठी कुटुंबांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. "फर्स्ट-टाइम बायर" म्हणजे जगात कुठेही, कधीही राहण्याजोगं घर मालकीचं नसलेला माणूस. पुण्याचा फ्लॅट पाच वर्षांपूर्वी विकला असला, तरी सवलत गेलीच.

आणि तो फ्लॅट अजून नावावर असेल, तर सवलत जातेच आणि वर जास्तीचा ५ टक्के करही बसतो. घराची किंमत ३,८०,००० पौंड धरा. खरा पहिला खरेदीदार ४,००० पौंड भरेल. पूर्वी घर होतं पण आता एकही नाही, असा माणूस ९,००० भरेल. पुण्याचा फ्लॅट अजून नावावर असलेला २८,००० भरेल. घर तेच, फरक २४,००० पौंडांचा.

दर असे आहेत: पहिल्या १,२५,००० वर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिल्या खरेदीदाराला ३,००,००० पर्यंत काही नाही आणि त्यापुढे ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत ५,००,००० च्या एक पौंड जरी वर गेली, तरी ही सवलत पूर्ण जाते. जास्तीचा ५ टक्के कर मात्र संपूर्ण किमतीवर बसतो. खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही ब्रिटनमध्ये १८३ दिवसही राहिला नसाल, तर आणखी २ टक्के.

भारतातल्या ज्या घरात तुम्ही स्वतः राहत होता तेच विकून हे घर घेत असाल, तर जास्तीचा कर लागत नाही. आधी हे घर घेऊन ते जुनं घर नंतर तीन वर्षांच्या आत विकलंत, तर भरलेला जास्तीचा कर परतही मागता येतो. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला मात्र हा मार्ग सहसा नाही.

गावच्या वडिलोपार्जित घरात माझा हिस्सा आहे. तोही धरतात?

इथे दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात.

पहिल्या खरेदीदाराच्या सवलतीसाठी वारशाने आलेला घराचा हिस्साही मोजतात. जास्तीच्या ५ टक्क्यांसाठी तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तरच तो मोजतात, म्हणजे साधारण ४५ ते ५० लाख रुपये. शिवाय गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला आणि निम्म्याहून जास्त नसलेला हिस्सा या दुसऱ्या कसोटीत सोडून देतात.

नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्याने बिघडत नाही. पण ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर किंवा शहरातल्या प्रॉपर्टी कार्डावर घर असेल आणि वडिलांच्या पश्चात तुमचं नाव लागलं असेल, तर ते सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाला, पहिल्याच ईमेलमध्ये कळवा. एकत्र कुटुंबाची मिळकत, न झालेली वाटणी, बहिणीच्या नावे लिहायचं राहून गेलेलं हक्कसोडपत्र, हे इथल्या सॉलिसिटरला आपोआप कळत नाही. त्याला समजेल असं एक पान लिहून द्या: घर कुणाचं, तुमचा हिस्सा किती, कधीपासून, अंदाजे किंमत काय. कराच्या विवरणपत्रावरची जबाबदारी शेवटी तुमची असते.

फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे. बायकोने एकटीने घेतलं तर?

जास्तीच्या करासाठी एकत्र राहणारं जोडपं एकच धरतात. उपयोग नाही.

भारतातून पैसे आणायचे तर कसे?

आई-वडील भारतात राहत असतील, तर प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतलेला आगाऊ कर) कापते. तो त्यांच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. म्हणून दोन आर्थिक वर्षांत विभागून, मार्चमध्ये एक हप्ता आणि एप्रिलमध्ये दुसरा असं पाठवलं, तर १० लाखांची मर्यादा दोनदा वापरता येते.

तुम्ही अनिवासी असाल आणि तिकडचा फ्लॅट विकत असाल, तर पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) येतात आणि तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं. अनिवासी विक्रेत्याकडून घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो आणि तो नुसत्या नफ्याच्या हिशेबाने कापला जात नाही. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागवला नाही, तर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकून पडते.

इंग्लंडच्या बाजूने अडचण वेगळी आहे. सॉलिसिटर प्रत्येक रकमेचा उगम विचारतो. आईने मोडलेली मुदत ठेव असेल, तर ठेवीची पावती, ती मोडल्याची नोंद, आईच्या खात्याचं सहा महिन्यांचं विवरण आणि बँकेचा परदेशी पाठवणीचा कागद हे सगळं एका साखळीत जुळलं पाहिजे. मामाच्या खात्यातून आले, मग काकांच्या खात्यातून फिरले, असं असेल तर प्रत्येक माणसाचे कागद लागतात. आई-वडिलांनी दिलेले पैसे ही भेट आहे, परत मागणार नाही आणि घरात हिस्सा मागणार नाही, असं सही केलेलं पत्र मॉर्गेज (गृहकर्ज) देणारी बँकही मागते.

व्हिसावर असताना मॉर्गेज मिळतं का?

मिळतं, पण प्रत्येक बँकेची अट वेगळी असते: व्हिसावर उरलेला काळ, पगार, इसाराची टक्केवारी. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर फार सोपं. नव्या घरांसाठी काही बँका जुन्यापेक्षा जास्त इसार मागतात, फ्लॅटसाठी त्याहून जास्त. सगळ्या बँका बघणारा ब्रोकर घ्या आणि त्याला पहिल्याच फोनवर व्हिसाची अखेरची तारीख सांगा.

रिझर्व्हेशन केल्यावर पुढे काय काय होतं?

आधी रिझर्व्हेशन फी, बहुतेक ठिकाणी काही शे पौंड. बिल्डर न्यू होम्स क्वालिटी कोडखाली (नव्या घरांच्या बिल्डरांची आचारसंहिता) नोंदलेला असेल, तर १४ दिवसांत मन बदलल्यास ती पूर्ण परत मिळते. त्यानंतर झालेला वाजवी खर्च कापून मिळते.

मग एक्स्चेंज, म्हणजे करार पक्का होणं. बिल्डर बहुधा २८ दिवसांत मागतो. त्या काळात मॉर्गेजची मंजुरी, सर्च (कौन्सिल वगैरेंकडे मालमत्तेची चौकशी) आणि करारातले प्रश्न हे सगळं उरकायचं असतं, म्हणून सॉलिसिटर आणि ब्रोकर रिझर्व्हेशनच्या आधीच ठरवलेले असावेत. एक्स्चेंजला साधारण १० टक्के इसार भरला, की मागे फिरता येत नाही. फिरलात तर इसार जातो.

घर अजून बांधायचं असेल, तर करारात पक्की तारीख नसते. "या तिमाहीत" असं काहीतरी असतं, आणि घर तयार झालं की बिल्डर साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांची सूचना देतो. इथे दोन गोष्टी बघा. एक, लाँगस्टॉप तारीख: तिच्यापलीकडे घर झालं नाही तर तुम्हाला इसार घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे. दोन, मॉर्गेजची मंजुरी किती महिने चालते. नव्या घरासाठी ती पुष्कळदा सहा महिन्यांची असते. बांधकाम रखडलं, मंजुरी संपली आणि मधल्या काळात व्याजदर चढले, तर इसार अडकलेला असताना नवं, महाग कर्ज घ्यावं लागतं. भाड्याच्या घराची नोटीस मात्र कम्प्लीशनची, म्हणजे पूर्ण पैसे देऊन ताबा घेण्याची, पक्की तारीख लेखी हातात येईपर्यंत देऊ नका.

बिल्डरने सुचवलेला सॉलिसिटर घ्यावा का?

सक्ती करता येत नाही. तो वेगाने काम करतो हे खरं, कारण त्याच वसाहतीचे कागद त्याने आधी पाहिलेले असतात. पण तुमच्या बाजूने कडक प्रश्न विचारणारा माणूस हवा. बिल्डरची सूट त्याच सॉलिसिटरला बांधलेली असेल, तर सूट किती आणि धोका किती ते तोलून बघा. आमचं मत: नव्या घरांच्या कामाचा अनुभव असलेला, पण स्वतः शोधलेला सॉलिसिटर घ्या.

घर फ्रीहोल्ड आहे, म्हणजे जमिनीसकट आमचं. मग दरवर्षी देखभालीचे पैसे कशाचे?

आपल्याकडे बंगल्याला सोसायटीचा मेंटेनन्स नसतो, म्हणून हा प्रश्न विचारायचंच राहून जातं. नव्या वसाहतीतले अंतर्गत रस्ते, हिरवळ, मुलांचं मैदान, पावसाच्या पाण्याचं तळं हे बहुधा कौन्सिल ताब्यात घेत नाही. ते एका मॅनेजमेंट कंपनीकडे जातं आणि तिचा खर्च सगळी घरं वाटून देतात. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाच्या २०२४ च्या अहवालात हे शुल्क सरासरी ३५० पौंड दिसलं, पण अचानक निघालेल्या मोठ्या दुरुस्तीत हजारो पौंडही लागू शकतात. कौन्सिल टॅक्स भरायचाच, आणि वर हे.

तळं का असतं हेही समजून घ्या. वेलंड नदीच्या या खोऱ्यात जमीन चिकणमातीची आहे. पाणी मुरत नाही. म्हणून छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पाणी आधी तळ्यात साठवतात आणि हळूहळू ओढ्यात सोडतात. तळं गाळाने भरलं किंवा त्याचं तोंड तुंबलं, तर खालच्या बाजूची घरं अडचणीत येतात. त्यामुळे तळ्याची देखभाल कोण करणार हा कागदी प्रश्न नाही.

सॉलिसिटरकडून एक्स्चेंजच्या आधी लेखी उत्तरं घ्या: यंदाचं अंदाजपत्रक किती आणि त्यात काय काय येतं, वाढीला मर्यादा आहे का, कंपनीची सूत्रं रहिवाशांकडे कधी येणार, सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन आहे का आणि ते पाणी कंपनी घेणार आहे का, घर विकताना कंपनीच्या दाखल्याचे किती पैसे. मुख्य रस्ते कौन्सिलने ताब्यात घेण्याचा कलम ३८ चा आणि गटारं पाणी कंपनीने ताब्यात घेण्याचा कलम १०४ चा करार झाला आहे का, आणि त्यामागे हमीचा बाँड आहे का, हेही विचारा. बाँड नसेल आणि बिल्डर बुडाला, तर रस्ता पुरा करण्याचा खर्च समोरच्या घरांवर येऊ शकतो.

एक जुनं कलमही लक्षात ठेवा. शुल्क "रेंटचार्ज" म्हणून, म्हणजे घरावरच बसवलेलं देणं म्हणून, लावलेलं असेल, तर १९२५ च्या मालमत्ता कायद्याच्या कलम १२१ प्रमाणे ४० दिवस थकलेल्या लहानशा रकमेसाठीही घरावर कडक कारवाईचा अधिकार निर्माण होतो. पुढचा खरेदीदार आला, की त्याची बँक यावर अडते. ट्रान्स्फर डीडमध्ये (मालकी तुमच्या नावे करणारा दस्त) कलम १२१ वगळलेलं असावं.

फ्लॅट घेत असाल तर तो लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर, असेल. ३० जून २०२२ पासूनच्या नव्या लीजवर ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) नाही, पण सर्व्हिस चार्ज आहे.

गाव जुनं आहे म्हणून वेगळं काय तपासायचं?

चर्च. मध्ययुगीन पॅरिशमध्ये चर्चच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीचा भार काही जमिनींवर असे. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर तो नोंदलेला नसेल, तर पैसे देऊन घेणाऱ्या नव्या मालकावर सहसा येत नाही. तरी सॉलिसिटर काही पौंडांचा सर्च किंवा विमा सुचवतो. घेऊन टाका, खर्च किरकोळ आहे.

चिकणमाती. ती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळी महिन्यांत फुगते. म्हणून झाडांजवळच्या घरांचा पाया खोल असतो, आणि नंतर तुम्ही लावलेल्या झाडांचा हिशेब त्यात असेलच असं नाही. विलो किंवा पॉप्लरसारखी भरपूर पाणी पिणारी झाडं पूर्ण वाढलेल्या उंचीच्या सव्वापट अंतराच्या आत लावू नका. तोडला जाणार असलेला मोठा ओक जवळ असेल, तर पाया कशा पद्धतीने घेतला हे आधी विचारा, कारण झाड गेल्यावरही माती फुगते.

रेडॉन. शेजारच्या नॉर्दम्प्टनशरच्या लोहयुक्त दगडाच्या पट्ट्यात हा किरणोत्सारी वायू जमिनीतून येतो. पिनकोडवरून भागाची तपासणी होते. भाग बाधित असेल, तर तळाशी संरक्षक पडदा टाकल्याचा पुरावा मागा. घनमीटरला २०० बेक्वेरेल ही उपाय करण्याची पातळी आहे.

पूर. वेलंड आणि तिचे ओढे गावातूनच वाहतात. नदीच्या पुराचा नकाशा आणि पावसाच्या पृष्ठजलाचा नकाशा वेगवेगळे असतात. दुसरा बघायला लोक विसरतात.

गावाचा जुना भाग संवर्धन क्षेत्रात आहे. नव्या वसाहती सहसा बाहेर असतात, तरी परवानगीच्या अटींमध्ये पुढच्या बाजूचं कुंपण, खिडक्या किंवा मागची वाढीव खोली यांवर बंदी असू शकते. घर घेऊन मग खोली वाढवू असा बेत असेल, तर त्या अटी स्वतः वाचा.

शो-होममध्ये जे दिसतं तेच मिळतं का?

नाही. फरशी, कार्पेट, मागची हिरवळ, पडद्यांचे रॉड, बाहेरचा नळ, वरच्या दर्जाच्या टाइल्स, यातलं किती किमतीत आहे ते प्लॉट क्रमांकासह लेखी घ्या. शो-होममधलं फर्निचर कधीकधी मुद्दाम लहान असतं. बेडरूम टेपने मोजा: पलंग, कपाट आणि दार पूर्ण उघडायला जागा.

आपल्या स्वयंपाकासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न चिमणीचा. चुलीवरचं हूड हवा बाहेर फेकतं, की कार्बन फिल्टरमधून तीच हवा परत खोलीत सोडतं? पुष्कळ नव्या घरांत दुसरा प्रकार असतो, आणि उघड्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास वरच्या मजल्यापर्यंत जातो. बाहेर नळकांडं नेलेलं हूड सेकंदाला किमान ३० लिटर हवा ओढणारं असावं. हे भिंत बांधायच्या आधी मागितलं तर होतं, नंतर नव्या भिंतीत भोक पाडावं लागतं.

किंमत कमी होते का?

जाहीर किंमत क्वचित. कारण ती पुढच्या घरांची किंमत ठरवते. त्याऐवजी फरशी, स्टँप ड्युटीचा वाटा किंवा सॉलिसिटरचा खर्च मिळतो. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची वर्षं किंवा सहामाह्या जून आणि डिसेंबरअखेर संपतात, तेव्हा त्या मोकळ्या हाताने बोलतात. मिळालेली प्रत्येक सूट बँकेला कळवावी लागते, आणि साधारण ५ टक्क्यांच्या वर गेली तर बँक घराची किंमतच कमी धरते.

ताबा घेण्याआधी तपासणी कशी करायची?

याला स्नॅगिंग म्हणतात. व्यावसायिक माणूस साधारण ३०० ते ६०० पौंड घेतो. नोंदलेल्या बिल्डरला त्याला ताब्यापूर्वीच्या पाहणीसाठी येऊ द्यावं लागतं. तो खर्च वाचवू नका. रंगाचे ओघळ कुणालाही दिसतात, पण खरं नुकसान न दिसणाऱ्या जागी असतं. माळ्यावरचं इन्सुलेशन कडेला छपराच्या उताराशी अर्धवट टाकलेलं असतं आणि तिथेच हिवाळ्यात बुरशी धरते. बाथरूमच्या पंख्याचं नळकांडं माळ्यातच सुटून पडलेलं असतं, म्हणजे सगळी वाफ छपराखाली. बाहेरची माती किंवा फरसबंदी ओलावारोधक थरापासून १५० मिलिमीटर खाली नसते. विटांमधली पाणी बाहेर सोडणारी छिद्रं सिमेंटने बुजलेली असतात.

काचेवरचे ओरखडे दिवसाउजेडी दोन मीटरवरून बघतात, नाक लावून नव्हे, आणि ते ताब्याआधी नोंदवा, नंतर "तुम्हीच पाडले" असं उत्तर येतं. बागेत फावडं घाला: वर किमान १०० मिलिमीटर चांगली माती हवी, तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा सापडणं नेहमीचं आहे. घरापासून तीन मीटरच्या आत पाणी साचून राहता कामा नये.

भिंतींना तडे गेले. घर खराब आहे का?

बहुधा नाही. प्लास्टर, चुना-सिमेंट आणि लाकूड वाळताना आकसतं. पहिल्या वर्षी दोन मिलिमीटरपर्यंतचे तडे, जिन्याशेजारी आणि दारांच्या कोपऱ्यांत, अपेक्षितच असतात. हीटिंग एकदम जोरात लावू नका. मंद आणि सतत ठेवा, खिडक्यांवरच्या हवेच्या फटी उघड्या ठेवा, कपडे आत वाळवू नका, आणि वॉलपेपर वर्षभर टाळा. तडा रुंदावत असेल, विटांतून तिरपा जात असेल किंवा दार अडकू लागलं असेल, तर तारीख घालून फोटो काढा आणि लगेच कळवा.

दहा वर्षांची हमी म्हणजे सगळं दहा वर्षं फुकट दुरुस्त?

नाही. एनएचबीसी (नव्या घरांना हमी देणारी संस्था) देते तशा हमीत पहिली दोन वर्षं दोष दुरुस्त करणं बिल्डरचं काम. तिसऱ्यापासून दहाव्या वर्षापर्यंत फक्त पाया, भिंती, छप्पर अशा मुख्य भागांच्या नुकसानीचा विमा. नळ, दार, टाइल त्यात नाही. म्हणून २३ व्या महिन्यात पुन्हा सगळं घर तपासा आणि यादी ईमेलने पाठवा. साइटवरच्या माणसाला तोंडी सांगितलेलं नोंदीत राहत नाही.

बिल्डर दाद देत नाही. पुढे कुठे जायचं?

"ही औपचारिक तक्रार आहे" असं लिहून ईमेल करा. म्हणजे तक्रार कधी केली यावर वाद उरत नाही. ५६ दिवसांत समाधान झालं नाही, तर न्यू होम्स ओंबुड्समनकडे (नव्या घरांच्या तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणारी यंत्रणा) विनामूल्य जाता येतं, बिल्डर तिथे नोंदलेला असेल तर. नोंद आहे का हे रिझर्व्हेशनच्या आधीच बघायचं असतं.

वास्तुशांत करायची आहे. होमाने अलार्म वाजेल का?

वाजेल, आणि नव्या घरात सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असल्याने सगळेच वाजतील. अलार्म काढून ठेवू नका. हवनकुंड मागच्या पॅटिओवर विटांवर ठेवा, लाकडी कुंपणापासून दूर, आणि घराची दारं लावून घ्या. पूजा आत आणि आहुती बाहेर, असं बहुतेक गुरुजी करून देतात. तोरणासाठी पुढच्या दाराला भोक पाडू नका. त्या दाराला उत्पादकाची स्वतंत्र हमी असते आणि ती त्याने जाऊ शकते. चिकटणारा हुक पुरतो.